रिकाम्या खुर्चीपर्यंतची तार

अल्का रामटेके रागावली की दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसलेले लोक कप खाली ठेवून ऐकत. चिचगडकडे जाणाऱ्या वाटेवर, जंगल दाट होण्याच्या थोडं आधी, एका संस्थेनं बांधलेला हा बैठा दवाखाना. लांबलचक व्हरांडा, त्याच्या एका टोकाला रक्ततपासणीची खोली, दुसऱ्या टोकाला डॉक्टरांची. रक्ततपासणीच्या खोलीला व्हरांड्यात उघडणारी एक खिडकी, आणि त्या खिडकीत कित्येक वर्षांपासून अल्का.

यंत्रातून निघालेला आकडा ती कागदावर लिहून द्यायची, पण लोक कागदासाठी थांबत नसत. ते तिच्या तोंडासाठी थांबत.

"काय वो, मागच्या बारीच्या गोळ्या कोंबड्यांले चारल्या का? रक्त वाढलं नाई ते नाईच!"

"बावा, तुही साखर मोजता मोजता माही मशीन गोड झाली. आता मुंग्या लागतीन तिले."

व्हरांडा हसायचा, ज्याला बोलणं बसलं तोही खाली मान घालून हसायचा, आणि घरी जाऊन गोळ्या खायचा. पुढच्या वेळी आकडा बरा निघाला तर ती काहीच बोलत नसे. तिचं गप्प राहणं ही तिची शाबासकी होती. लोक तिला मागं तिखट बाई म्हणत, समोर अल्काबाई म्हणत, आणि तिला दोन्ही माहीत होतं.

हा राग तिला बापाकडून आला होता. बाप देवाजी, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर पाटकरी, म्हणजे शेतोशेती पाणी वाटणारा. धानाच्या दिवसांत कालव्याला पाणी सुटायचं आणि कचेरीत 'पाणी सोडलं' असं लिहून सगळे मोकळे व्हायचे. वरच्या अंगाचे मोठे शेतकरी पाट फोडून आपल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भरून घेत, आणि शेपटाकडच्या बांध्यांना भेगा पडत. देवाजी मात्र फावडं खांद्यावर टाकून पाटाच्या कडेकडेनं चालत शेवटापर्यंत जायचा. वाटेत जिथं पाट फोडलेला दिसेल तिथं उभा राहून शिव्या द्यायचा, मालक कितीही मोठा असो, आणि स्वतःच्या हातानं माती लोटून बुजवायचा. त्याच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली होती. त्यानंतर त्या घरातला माणूस कुणाच्या बांधावरून मान खाली घालून गेला नव्हता. शेवटच्या बांधीत आपले पाय ओले झाल्याशिवाय देवाजी घरी परतत नसे. लहानपणी अल्का कधी कधी त्याच्यासोबत जायची. पाणी येताना कसं दिसतं हे तिला त्या बांधीत कळलं. आधी मातीचा रंग बदलतो, मग भेगेच्या तोंडाशी बुडबुडा येतो, मग आवाज होतो.

तर अशी ही बाई. आणि तिच्या तोंडाला एके दिवशी कुलूप लागलं.

दोष तिचाही होता. एका घरची नवी सून उलट्या होतात म्हणून आली होती. तपासणी झाली आणि अल्कानं सवयीप्रमाणे खिडकीतून आवाज दिला, "उलट्या कायच्या, पाळणा बांधा!" सासूच्या आधी चहाच्या टपरीला कळलं. सासू मोठ्या घरची होती. तिनं संस्थेच्या सचिवांना, टेकचंदजींना, घरी बोलावून ऐकवलं.

टेकचंदजी वाईट माणूस नव्हते. पांढरा सदरा, इस्त्रीची घडी, बोलणं हळू. त्यांना सगळ्या गोष्टी सरळ रेघेत आवडत. त्यांनी अल्काला बोलावलं.

"अल्काबाई, लोकांची दुखणी ही लोकांची खासगी गोष्ट आहे. ती व्हरांड्यात ओरडायची नसते."

"चुकलं माझं," अल्का म्हणाली. हे तिला म्हणता आलं, कारण खरंच चुकलं होतं.

"म्हणून आपण सोय करतो आहोत. तुमची यंत्रं तारेनं जोडायची. रिपोर्ट निघाला की थेट डॉक्टरसाहेबांच्या कॉम्प्युटरवर. ते बघतील, ते सांगतील. मधे कुणी नाही."

"मधे कुणी नाही म्हणजे मी नाही."

"तुम्ही आहात ना. तुम्ही फक्त बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा."

ती उठून आली. बोलायचं नाही, हे वाक्य तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं.

तार ओढायला गोंदियाहून भूपेंद्र आला. मोटारसायकलच्या मागं निळ्या तारेची भेंडोळी, खांद्याला ड्रिल, आणि तोंडात गोंदियाची अर्धी हिंदी, अर्धी मराठी. पोरगा कामाचा होता. भिंतीवरून पांढरी पट्टी ठोकत त्यानं तार या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. छतावरून जाणारा तुकडा लोखंडी नळीत घातला, कारण दुपारी वानरं छतावर उतरत. मग तो रक्तपेशी मोजायच्या जुन्या यंत्रापाशी बसला.

"मॅडम, ये पुरानी मशीन आहे. हिला सीधी तार लागत नाही. बीच में ये डब्बी लावतो. डब्बी हिची बोली समझते, आणि कॉम्प्युटरला समजावून सांगते."

"म्हणजे दुभाषा."

"बरोबर! आणि हर मशीनला एक नंबर द्यायचा, घरनंबर जैसा. दोन मशीनला एकच नंबर दिला तर दोन्ही गडबडतात, कोणीच धड बोलत नाही."

"आमच्या घरी दोघी जावा एका चुलीवर होत्या. त्या तं लय बोलत."

भूपेंद्र हसला. त्यानं कोपऱ्यात एक छोटी पेटी बसवली, सगळ्या तारा तिच्यात खोचल्या, आणि पेटीवरचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले. अल्कानं पहिला नमुना लावला. यंत्र घुरघुरलं, आकडे उमटले, आणि तिनं बटण दाबताच पडद्यावर 'पोहोचला' असं आलं. व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला डॉक्टरांच्या टेबलावर तेच आकडे होते. ना अक्षर वाकडं, ना तीनचा आठ. गडबडीचा आकडा असला तर ती ओळ लाल व्हायची.

तिला ते आवडलं. आणि आवडलं याचाच तिला राग आला.

मग ती रुसली. लहान पोर रुसतं तशी नाही. तिचं रुसणं मोठ्या बाईचं होतं, जे हुकूम पाळून सूड घेतं. तोंडाला मास्क बांधला, आणि कुणी खिडकीशी येऊन "काय निघालं बाई?" म्हणून विचारलं की ती फक्त बोट करायची. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडे.

"बोलाले मनाई हाये. तारेले विचारा."

दवाखान्यातल्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत होती आणि ती कुणीच तारेला सांगितली नव्हती. डॉक्टर गोंदियाहून येत, सकाळचे पेशंट बघत, आणि जेवणाच्या वेळेला गाडी काढत. सकाळी घेतलेल्या रक्ताचे रिपोर्ट मात्र दुपारीच निघत. म्हणजे यंत्र बोलायला लागायचं तेव्हा त्या खोलीला बाहेरून कडी असायची. पूर्वी याचं काही वाटत नसे, कारण खिडकीत अल्का असायची. घाबरण्यासारखा आकडा निघाला की ती ओरडायची, सिस्टर धावायच्या, डॉक्टरांना फोन लागायचा. त्या ओरडण्यावर दवाखाना चालत होता, आणि हे ओरडणाऱ्या बाईलासुद्धा कधी कळलं नव्हतं.

पिवळ्या डोळ्यांची रेणू आली ती अशाच एका दिवशी. जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, विशीतली, सिकलसेलची पेशंट. हाडं दुखायला लागली की सासू सुलोचनाबाई तिला घेऊन यायची. सुलोचनाबाई म्हणजे वाळलेल्या बाभळीसारखी बाई, बोलण्यात अल्काच्या तोडीची. दोघींचं भांडण पाहायला लोक मुद्दाम बाकावर बसत. रेणूचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, नेहमी साडेसात-आठच्या घरात असायचं. एवढ्यावर ती धान रोवायची, मोहफुलं वेचायची.

त्या दुपारी यंत्रानं चारच्या किंचित वरचा आकडा दाखवला.

अल्कानं नमुना पुन्हा लावला. तोच आकडा. तिचा हात बटणावर गेला, हिरवे दिवे लुकलुकले, ओळ लाल झाली, आणि पडद्यावर आलं, 'पोहोचला'.

खिडकीत सुलोचनाबाई उभी होती. "काय निघालं वो अल्काबाई? पोट्टी लय थकली हाये. बसवत नाई तिले."

आकडा अल्काच्या जिभेवर होता. एवढाच वेळ लागला असता, जेवढा एक घोट पाणी प्यायला लागतो. पण घशातला तो काटा हलला. बोलायचं नाही म्हणता ना? मग घ्या. बघू तुमची तार काय करते ते.

"रिपोर्ट सायबाच्या खोलीत गेला," ती म्हणाली. "तिकडं विचारा."

आणि तिनं खिडकी लावून डबा उघडला.

जेवण गेलं नाही. चार घास झाले, तिनं डबा बंद केला आणि तासभर उरलेले नमुने लावत बसली. हात धुऊन बाहेर आली तर बाकावर कुणी नव्हतं. ती व्हरांडाभर चालत डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेली. बाहेर स्टुलावर शिपाई उदाराम बसल्या बसल्या पेंगत होता.

"उदाराम, ती सिकलवाली कुठं गेली?"

"गेली ना. त्या दोघी लय टाइम बसून राहिल्या. म्हातारीनं मले विचारलं, साहेब कवा येतीन. म्या सांगतलं, उद्या. मग काळीपिवळी जीप आली तं चालल्या गेल्या."

अल्कानं कडी काढली. आत पडदे ओढलेले, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. आणि त्या अंधारात कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेणूचं नाव लाल होऊन जळत होतं. यंत्र बरोबर होतं. आकडा बरोबर होता. तारेनं एक अक्षर सांडू दिलं नव्हतं. सगळं जिथं पोचायचं तिथं पोचलं होतं आणि तिथं एक टॉवेल होता.

तिच्या अंगातून जाळ उठला. तो कुणावर टाकावा हे तिला त्या क्षणी कळेना.

तिनं केसपेपरवरच्या नंबरला फोन लावला. तो रेणूच्या नवऱ्याचा, गुड्डूचा निघाला. "मॅडम, मी तं हैदराबादले हावो कामावर," तो म्हणाला. "मायकडं मोबाइल नाई. काऊन, काय झालं?" काय सांगणार? तिनं फोन ठेवला, सिस्टरांना हाक मारून सांगितलं, "रुग्णवाहिका बोलवा, चिचगडच्या वाटेवर पाठवा, डॉक्टरले फोन लावा, गोंदियाले रक्त तयार ठेवाले सांगा," आणि अंगणात आली. छतावर भूपेंद्र होता. वानरांनी नळी वाकवली म्हणून तो दुरुस्तीला आला होता.

"भूपेंद्र, खाली उतर. गाडी काढ."

"मॅडम, काम अधुरं आहे..."

"तुही तार जिथं सरली ना, तिथून पुढं जायचं हाये. काढ गाडी!"

त्यानं तिचं तोंड पाहिलं आणि पक्कड खिशात टाकून शिडी उतरला.

सागाची मोठी पानं रस्त्यावर पडलेली, चाकाखाली कडकड वाजत होती. काळीपिवळी त्यांना समोरून परत येताना भेटली, रिकामी. ड्रायव्हरनं हात करून सांगितलं, मोडावर उतरल्या, तिथून पायवाट आहे.

पायवाटेच्या तोंडाशीच मोहाखाली रेणू बसली होती. बसली कसली, झाडाला टेकवली होती. तिला पुढं चालवलं नव्हतं. सुलोचनाबाई पदरानं वारा घालत होती. मोटारसायकल थांबलेली पाहून ती उठली.

"आता कायले आली वो? तुह्या तोंडाले तं कुलूप होतं."

"सुलोचनाबाई, रिपोर्ट चांगला नाई. रक्त लय उतरलं. गोंदियाले न्या लागते, आताच."

सुलोचनाबाईनं तिच्याकडे बघितलं. डोळे बारीक केले.

"म्या खिडकीत विचारलं तवा माहीत होतं तुले?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं, म्हणता आलं असतं. भूपेंद्रही मान वळवून तिच्याकडे बघत होता.

"माहीत होतं," अल्का म्हणाली.

"माहीत होतं! अन् बोट दाखवलं मले! कडी लावल्या खोलीकडं बोट दाखवलं!" म्हातारीचा आवाज जंगलात घुमला. "म्या किती बारी तुह्या शिव्या खाल्ल्या वो. कायले खाल्ल्या? तू खरं सांगते म्हणून खाल्ल्या. तुले साहेबावर रुसायचं होतं तं साहेबावर रुसायचं. माह्या सुनेच्या जिवावर काऊन रुसली?"

तिच्या आयुष्यात कुणी तिला इतकं ऐकवलं आणि ती उभी राहून ऐकत राहिली, असं आधी झालं नव्हतं.

"भांडण बाद में," भूपेंद्र हळूच म्हणाला. "आजी, पकडा हिला."

रेणूला मधे बसवून, मागं सासूला बसवून त्यानं गाडी वळवली. चौथ्याला जागा नव्हती. अल्का मोहाखाली राहिली. रुग्णवाहिका त्यांना वाटेतच भेटली, हे तिला नंतर कळलं. त्या वेळी तिला काहीच कळत नव्हतं. ती चालत निघाली.

चालताना राग तिच्यासोबत होता. आधी तो टेकचंदजींवर होता, ज्यांनी तोंड बंद करायला सांगितलं आणि कान कुठं ठेवायचे ते सांगितलं नाही. मग डॉक्टरांवर गेला, ज्यांना आपली रिकामी खुर्ची रोज माहीत होती. मग तारेवर. तारेवर तो फार वेळ टिकला नाही, तारेनं काय केलं होतं? मग तो फिरून तिच्या स्वतःच्या अंगावर आला आणि तिथंच बसला. बाप आठवला. पाट फोडणाऱ्या मालकांना शिव्या देत जाणारा. आज तो या पाटानं चालत आला असता तर शेवटच्या बांधीच्या थोडं आधी त्याला आपलीच लेक पाट फोडून उभी दिसली असती.

रेणू वाचली. गोंदियाला तिला रक्त चढलं आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की रात्र घरी काढली असती तर सकाळ दिसली नसती.

टेकचंदजी दवाखान्यात आले ते सगळी चौकशी करूनच. डॉक्टरांच्या खोलीत अल्काला, सिस्टरांना, भूपेंद्रला बोलावलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत बसले होते.

"मी सगळं तपासलं," टेकचंदजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती. "आपली काही चूक नाही. रिपोर्ट वेळेवर गेला आहे. कॉम्प्युटरमध्ये नोंद आहे."

"गेला!" अल्का म्हणाली.

मास्क तिनं केव्हाच काढून फेकला होता. चहाच्या टपरीवर कप खाली ठेवले गेले.

"गेला, गेला! माझा बाप जन्मभर हेच ऐकत मेला. पाणी सोडलं, कागदावर लिहिलं, झालं! अन् शेपटाले धान वाळून राहिलं! तुमचा रिपोर्ट गेला तो कोणापाशी गेला? या टॉवेलापाशी? या टॉवेलानं रेणूले थांबवलं का? मी थांबवू शकत होती. मी नाई थांबवलं. माझी चूक हाये, अन् मी ती त्या म्हातारीसमोर कबूल करून आली. आता तुम्ही सांगा तुमची. 'आपली काही चूक नाही' हे माह्यासमोर पुन्हा बोलू नका!"

मग डॉक्टर खिडकीकडून वळले. तरुण माणूस, कान लाल झालेले. त्यांनी खुर्चीवरचा टॉवेल काढून घडी केला आणि उगाच हातात धरून राहिले.

"दुपारी मी नसतो," ते म्हणाले. "ते सगळ्यांना माहीत होतं. मीच बोलायला हवं होतं."

"दिवसरात्र कोण असते इथं?" अल्कानं विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं. "सिस्टर असते. तिच्या टेबलावर पाहिजे हा पडदा. कडी लावल्या खोलीत याचं काय काम? तुम्ही असाल तवा तिथं येऊन बघा, नसाल तवा ती फोन लावन."

टेकचंदजींनी कपाळावरून रुमाल फिरवला. "पण आता पुन्हा सगळी तार..."

"तार आहे ना माझ्याकडे," भूपेंद्र म्हणाला. "सिस्टरच्या टेबलापर्यंत आरामात पुरते. नवा कनेक्शन, पाच मिनट का काम."

त्यानं तेव्हाच पट्टी उकरायला घेतली. टेकचंदजी बघत राहिले. भिंतीवरची सरळ रेघ मधेच वळून सिस्टरच्या खोलीत शिरत होती, आणि ती वळताना थोडी वाकडी झाली होती.

"आणि ओरडणं, अल्काबाई?" त्यांनी जाताना विचारलं.

"ओरडणार नाई. पण सांगीन. ज्याचं त्याले, जवळ जाऊन. त्याले मनाई कराल तं मी उद्यापासून येत नाई, तारेलेच खिडकीत बसवा."

त्यांनी मनाई केली नाही.

तेव्हापासून अल्कानं एक नेम धरला. ओळ लाल झाली की ती पडद्यावरच्या 'पोहोचला'वर विश्वास ठेवत नाही. खुर्चीतून उठते, व्हरांड्याच्या भिंतीवरच्या पांढऱ्या पट्टीवर बोटं ठेवून तारेसोबत चालत जाते, तार जिथं वळते तिथं वळते, आणि सिस्टरच्या तोंडाकडे बघते. सिस्टर "पाह्यलं" म्हणाली की मगच बाकाकडे वळते. पेशंटच्या शेजारी बसून कानाशी हळू बोलते. लोकांना हे विचित्र वाटतं. टपरीवाला दुलीचंद म्हणतो, बाईचा आवाज गेला वाटते, माह्या चहाची मजा गेली.

रेणू पुन्हा आली तेव्हा मोहफुलं पडायला लागली होती. सुलोचनाबाईनं खिडकीकडे बघितलं नाही. रक्त देऊन झाल्यावर सुनेला घेऊन बाकाच्या पार टोकाला, पाठ करून बसली.

आकडा आला. ओळ लाल नव्हती, तरी अल्का उठली. पट्टीवर बोटं ठेवून चालत सिस्टरपर्यंत गेली, परत आली, आणि बाकाशी उभी राहिली. सुलोचनाबाईची पाठ हलली नाही.

"काय निघालं?" शेवटी पाठीनंच विचारलं.

अल्का वाकली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि हळू आवाजात सांगितलं.

म्हातारी झटक्यानं वळली. "हे काय कुसकुस लावली वो? तुह्या नरड्याले काय झालं? त्या दिवशी गप्प राहिली, आज कानात बोलते. माही पोट्टी हाये, माही परवानगी हाये. सांग मोठ्यानं!"

व्हरांडा थांबला. रेणू तोंडावर पदर धरून हसत होती. अल्का सरळ उभी राहिली. तिच्या छातीत काहीतरी ओलं झालं, भेगेच्या तोंडाशी बुडबुडा यावा तसं, आणि मग आवाज झाला.

"साडेसातच्या वर! अन् हे पाह्य पोट्टी, गोळ्या कोंबड्यांले चारल्या ना, तं तुह्या टोल्यावर येऊन त्या कोंबड्या कापून खाईन मी!"

टपरीवर दुलीचंदनं केटली खाली ठेवली.